पेडलची डबी: ताकद किती, भास किती

अ‍ॅक्सिलरेटर पेडलपाशी येणारा प्लग काढायचा, मध्ये तळहातावर मावेल एवढी एक डबी जोडायची आणि डबीची दुसरी वायर पेडलला लावायची. हत्यारं फारशी लागत नाहीत, दहा मिनिटांत फिटिंग होतं. गाडी रस्त्यावर आली की पहिल्याच सिग्नलला फरक कळतो. पाय जेमतेम टेकवला तरी गाडी झेपावते. कुणी हिला थ्रॉटल कंट्रोलर म्हणतं, कुणी पेडल बॉक्स, कुणी थ्रॉटल बूस्टर. किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत ती सगळीकडे मिळते. विकताना सांगितलं जातं की पिकअप वाढेल, इंजिन मोकळं होईल, आणि काही ठिकाणी तर अ‍ॅव्हरेजही वाढेल.

माझं मत आधीच सांगतो. या डबीने इंजिनाची ताकद वाढत नाही, एका अश्वशक्तीनेही नाही. तरीही ती लावणाऱ्याला जो फरक जाणवतो तो मनाचा खेळ नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासारखं आहे. शिवाय सुरक्षिततेचा एक प्रश्न आहे, ज्याची चर्चा फिटिंगच्या वेळी कुणी करत नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत पोलादी केबल होती. पाय दाबला की केबल ओढली जाई आणि हवेच्या वाटेतली गोल झडप, म्हणजे बटरफ्लाय, तेवढीच उघडे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूने आपल्या 7 सिरीजमध्ये ही केबल काढून विजेवर चालणारी यंत्रणा दिली, आणि पुढे ती साध्या गाड्यांपर्यंत पोहोचली. आपल्याकडे उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी केबल मागे पडली. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाल्यानंतरच्या कारमध्ये ती सापडणं अवघडच.

केबल गेल्यापासून पेडलला फक्त सेन्सर असतो. पाय किती दाबला आहे हे तो पाच व्होल्टच्या हद्दीतल्या विद्युतदाबाच्या रूपाने ईसीएमला कळवतो. ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. पेडल 20 टक्के दाबलं म्हणून झडप 20 टक्के उघडायची, असं तो करत नाही. चालकाला या क्षणी किती टॉर्क हवा आहे हे तो आधी ठरवतो, आणि मग हवा, इंधन आणि ठिणगीची वेळ त्या हिशेबाने जुळवतो. कोणत्या वेगाला, कोणत्या गियरमध्ये, पेडलच्या किती दाबाला किती टॉर्क द्यायचा याचा तक्ता कंपनीच्या अभियंत्यांनी त्यात भरून ठेवलेला असतो. ट्यूनिंगच्या धंद्यात याला पेडल मॅप म्हणतात.

हा मॅप कंपन्या मुद्दाम मऊ ठेवतात. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या रांगेत गाडी इंचाइंचाने पुढे न्यायची असेल तर पेडलच्या सुरुवातीच्या प्रवासात फार टॉर्क नको. खड्ड्यात चाक आदळलं की चालकाचा पायही हलतो, आणि त्या हलण्याबरोबर गाडी झटके मारू लागली तर मागे बसलेल्यांचे हाल होतात. अचानक टॉर्क आला की क्लच, गियरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि इंजिनाची माउंटिंग यांच्यावर ताण येतो. शिवाय पाय एकदम दाबला जातो तेव्हा हवा आणि इंधनाचं प्रमाण क्षणभर बिघडतं आणि धूर वाढतो, म्हणून उत्सर्जनाच्या चाचणीसाठीही संथ प्रतिसाद सोयीचा असतो. काही गाड्यांत हा मऊपणा अति होतो, हे मात्र मान्य करायला हवं. पाय दाबला तरी गाडी विचार करत बसते, ही तक्रार अनेक ऑटोमॅटिक गाड्यांच्या मालकांची असते आणि ती रास्त आहे.

डबी नेमकी इथे हात घालते. पेडल आणि ईसीएमच्या मध्ये बसून ती सेन्सरचा संकेत वाचते आणि फुगवून पुढे पाठवते. पाय 20 टक्के दाबलेला असताना ती सांगते 40, पाय 50 टक्के असताना सांगते 85. आणि पाय पूर्ण दाबला की ती सांगते 100, कारण 100 च्या पुढे सांगायला काही उरतच नाही. सगळ्या दाव्यांचा निकाल इथेच लागतो. इंजिनाची कमाल ताकद पेडल पूर्ण दाबल्यावर मोजली जाते, आणि तिथे डबी असली काय नि नसली काय, ईसीएमला पोहोचणारा आकडा तोच. नळाची चावी एका वेढ्यात पूर्ण उघडेल अशी केली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही, तसंच हे. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या रोलरवर, पूर्ण पेडलला घेतलेले दोन आलेख एकमेकांवर बसतात. नावाजलेले काही उत्पादक स्वतःच सांगतात की यामुळे अश्वशक्ती वाढत नाही. त्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला हवं, पण ही ओळ दुकानापर्यंत येता येता गळून पडते.

मग झेप कुठून येते? याचं उत्तर बटरफ्लायच्या स्वभावात आहे. मिनिटाला 1500 फेऱ्या घेणाऱ्या पेट्रोल इंजिनाला लागणारी हवा थोडी असते. झडप एक तृतीयांश उघडली तरी सिलिंडर जवळजवळ भरतो, आणि त्यापुढचं उघडणं त्या फेऱ्यांवर फारसं काही देत नाही. फेऱ्या चढत जातात तशी झडप अधिकाधिक उघडावी लागते. म्हणजे कमी फेऱ्यांवर झडप पटकन तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नेली की त्या क्षणी इंजिनाकडे असलेला जवळपास सगळा टॉर्क हलक्या पायाला मिळतो. चालकाला वाटतं, एवढ्याशा दाबात एवढा जोर, म्हणजे पूर्ण दाबात किती असेल! पूर्ण दाबात पूर्वीइतकाच असतो. पेडलच्या पहिल्या भागात सगळं खर्च झाल्यावर शेवटच्या भागात काही होत नाही. तीव्र सेटिंगवर काही डब्या तर दोन तृतीयांश पेडललाच 100 चा संकेत देऊन टाकतात. उरलेला प्रवास मेलेला असतो.

शून्यापासून ताशी 100 किलोमीटरपर्यंतच्या वेळेत थोडा फरक पडू शकतो का? पाय जमिनीपर्यंत न्यायला सेकंदाचा लहानसा अंश लागतो, आणि डबीमुळे त्यातला काही भाग वाचू शकतो. ज्याने पाय आधीच खाली दाबून ठेवला आहे त्याला तोही नाही.

ज्याला खात्री करून घ्यायची आहे त्याच्यासाठी साधी चाचणी आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथचा डोंगल लावून मोबाइलवर पेडलची स्थिती आणि थ्रॉटलची स्थिती हे दोन आकडे पाहता येतात. गाडी उभी, इंजिन बंद, फक्त चावी ऑन, आणि डबीचं सेटिंग तीव्र. पाय पाव दाबला की अ‍ॅपवर अर्ध्याच्या आसपासचा आकडा दिसेल. ईसीएमला तुमचा पाय आता दिसतच नाही. दिसतो तो डबीने सांगितलेला पाय. दुसरी चाचणी क्रूझ कंट्रोलची. क्रूझ लावल्यावर ईसीएम वेग स्वतः सांभाळतो आणि पेडलकडून काही मागत नाही. घाट चढताना क्रूझवर असलेल्या गाडीत डबीचं कुठलंही सेटिंग ठेवा, चढण्यात तसूभरही फरक पडणार नाही. ताकद खरंच वाढली असती तर ती इथे दिसायला हवी होती.

डिझेलचं प्रकरण याहून स्पष्ट आहे, आणि त्यासाठी सगळ्यात ओळखीचं उदाहरण 1.3 मल्टीजेट इंजिनाचं. मूळ फियाटचं हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनत होतं. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते होतं, आणि रस्त्यावर अजूनही भरपूर आहे. त्याची खोड सगळ्यांना माहीत आहे. 2000 फेऱ्यांच्या खाली ते झोपलेलं असतं आणि वर गेलं की टर्बो जागा होतो. डिझेलमध्ये पेडल हवेची झडप उघडत नाही, इंधन मागतं. पण टर्बोने हवा दाबून आणेपर्यंत ईसीएम जास्त इंधन सोडत नाही, नाहीतर मागून काळा धूर निघेल. त्याला धुराची मर्यादा म्हणतात आणि ती पेडलच्या संकेताला जुमानत नाही. डबीने 40 ऐवजी 80 मागितले तरी 1400 फेऱ्यांवर मिळायचं तेवढंच मिळतं. चढावर तिसऱ्या गियरमध्ये मरगळलेल्या 1.3 ला डबी उठवू शकत नाही. गियर खाली टाकणं हाच तिथला उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

केबलच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळाच माल विकला जातो. तिथे बटरफ्लायच्या टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो. त्याच्या संकेतात रेझिस्टर किंवा छोटं सर्किट घालून तो वर ढकलायचा, नाहीतर सेन्सरचे स्क्रू सैल करून तो जरा फिरवून बसवायचा, असे हे प्रकार. झेन, एस्टीम, सँट्रोच्या काळातल्या गाड्यांवर हे गॅरेजमध्ये होत आलं आहे. पण तिथे हवा चालकाच्या पायानेच ठरते, सेन्सर फक्त बातमी देतो. बातमी खोटी केली तर पाय दाबण्याच्या क्षणी इंधनाचा थोडा जास्तीचा फवारा मिळतो, कारण संकेत किती वेगाने चढला यावरून ईसीएम ते ठरवतो. इंधन कमी पडून अडखळणाऱ्या एखाद्या गाडीला त्याने क्षणभर बरं वाटेल. पण स्थिर गतीला गाडी येताच सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर जास्तीचं इंधन पाहतो आणि ईसीएम ते कापून पुन्हा 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल या प्रमाणावर येतो.

तोटा मात्र टिकून राहतो. झडप पूर्ण बंद आहे हे ओळखायला ईसीएम साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपासचा संकेत शोधत असतो. तो वर ढकलला की ईसीएमला पाय उचलल्याचं कळतच नाही. मग आयडलिंग वरखाली होतं, सिग्नलला गाडी गुरगुरते. त्याहून महाग पडतं ते उतारावर. गाडी गियरमध्ये ठेवून पाय उचलून घाट उतरताना ईसीएम इंजेक्टर पूर्ण बंद करतो, त्या वेळात पेट्रोल जळतच नाही. पाय उचलल्याची बातमी पोहोचली नाही तर हा कापही होत नाही. पिकअपसाठी केलेली खटपट अशी अ‍ॅव्हरेज खाते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत बटरफ्लायवरच्या सेन्सरशी हा खेळ केला तर ईसीएम दोन सेन्सर आणि हवेचा दाब ताडून पाहतो, मेळ बसला नाही की चेक इंजिनचा दिवा लावतो आणि मोटरची वीज तोडतो. स्प्रिंग झडपेला जेमतेम उघडी ठेवते, आणि गाडी रांगत गॅरेजपर्यंत जाते.

या बाजारात आणखी काय काय विकलं जातं, ते थोडक्यात. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारा रेझिस्टर ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणून मिळतो. खरी किंमत काही रुपये, परिणाम शून्य किंवा वाईट. ओबीडी सॉकेटला लावायच्या काही स्वस्त प्लगमध्ये दिवे लुकलुकतात, आणि खोलून पाहणाऱ्यांना त्यात गाडीशी बोलणारं काहीच सापडलं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या शंभराहून अधिक उपकरणांची तपासणी केली, आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं त्यांत काही मिळालं नाही. पेडलच्या डबीला मी या रांगेत बसवणार नाही. ती निदान जे करते ते खरंच करते.

ताकद खरोखर वाढवणारे मार्गही आहेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. डिझेलच्या कॉमन रेलच्या दाबाचा संकेत कमी करून सांगणारा ट्यूनिंग बॉक्स मिळतो. तो लावला की ईसीएम दाब वाढवतो, जास्त डिझेल सिलिंडरमध्ये जातं, आणि टॉर्क मोजता येईल इतका वाढतो. दाबाचा खरा आकडा ईसीएमपासून लपलेला असतो, त्यामुळे पंप, इंजेक्टर आणि क्लच यांचं आयुष्य पणाला लागतं. दुसरा मार्ग रीमॅपचा, म्हणजे ईसीएममधले तक्तेच बदलणं. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांतल्या 1.0 टीएसआयसारख्या टर्बो पेट्रोल इंजिनांत याने खरा फरक पडतो, कारण टर्बोचा दाब वाढवायला वाव असतो. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोलमध्ये वाव फार कमी. दोन्ही मार्गांत वॉरंटी जाते आणि उत्सर्जन बिघडण्याचा धोका असतो. कायदाही माहीत असलेला बरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पेडलच्या डबीने नोंदणीपत्रातलं काही बदलत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीने तिच्यावर बोट ठेवलं तर वाद घालण्याची वेळ मालकावरच येणार.

आता सुरक्षिततेबद्दल. पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. दोघांचे व्होल्टेज मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, अनेक गाड्यांत एक दुसऱ्याच्या निम्मा. ईसीएम दोन्ही संकेत सतत ताडून पाहतो. एखादी वायर तुटली, पाणी शिरलं, सेन्सर झिजला तर दोघांचं गणित चुकतं आणि ईसीएम ताबडतोब ताकद कमी करतो. विनाकारण गाडी सुसाट सुटू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे, आणि तिचा पायाच दोन स्वतंत्र साक्षी हा आहे. 2009-10 मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेत असल्याच्या तक्रारी गाजल्या, तेव्हा तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने नासाच्या अभियंत्यांना तपासाला लावलं. 2011 च्या अहवालात त्यांना गाडी सुसाट सोडणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण पेडल सेन्सरमध्ये वाढणारे कथिलाचे अतिसूक्ष्म तंतू मात्र सापडले. एवढ्या बारीक गोष्टीने संकेत बिघडू शकतो, म्हणूनच दुसरी साक्ष लागते.

डबी लावल्यावर काय होतं? दोन्ही संकेत एकाच डबीत शिरतात, एकच छोटा प्रोसेसर त्यांचं गणित करतो आणि दोन नवे, एकमेकांशी नीट जुळणारे संकेत तयार करून पाठवतो. ईसीएम ताडून पाहतो ते डबीनेच बनवलेले दोन आकडे. ते नेहमीच जुळणार. साक्षी दोनच्या दोन उरतात, पण दोघांचा बोलविता धनी एक. चांगला उत्पादक डबीच्या आतही तपासणी ठेवतो आणि वीज गेली तर मूळ संकेत सरळ पुढे जाईल अशी सोय करतो. नाव नसलेल्या स्वस्त मालात ती आहे की नाही, हे आपल्याला पेटी उघडूनही कळत नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले तर ताकद कापण्याची सोय ज्या गाड्यांत आहे तिथे ती ईसीएममध्ये असते, त्यामुळे ती शाबूत राहते, एवढा दिलासा. मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं घासून पक्की केलेली सुरक्षेची साखळी आपण एका डबीच्या भरवशावर तोडतो, हे मला पटत नाही.

रोजच्या चालवण्यातही किंमत मोजावी लागते. पहिल्या थोड्याशा दाबात सगळा टॉर्क गोळा झाल्यामुळे पार्किंगमध्ये, चढावर रिव्हर्स घेताना, पावसाळ्यात आंबोलीच्या ओल्या वळणावर पाय नाजूकपणे चालवायला जागा उरत नाही. नवशिक्या मुलामुलींच्या आणि घरातल्या ज्येष्ठांच्या हाती ती गाडी जाणार असेल तर हा विचार आधी करावा. पाय फक्त हलकाच ठेवायचा, असं सांगून भागत नाही, कारण पायाची सवय एका दिवसात बदलत नाही. गियरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर तोही फुगलेल्या आकड्यावरून निर्णय घेतो, गियर उशिरा चढवतो आणि वारंवार खाली टाकतो. गाडी चपळ वाटते ती बहुतेक यामुळेच. पेट्रोलही याच वाटेने जातं.

डबी कुणालाच उपयोगी नाही असं मी म्हणत नाही. ज्या गाडीचा मॅप खरंच ढिम्म आहे, ज्यात ड्राइव्ह मोड नाहीत, आणि चालक अनुभवी आहे, त्याला नावाजलेल्या उत्पादकाची डबी मध्यम सेटिंगवर समाधान देऊ शकते. पण आज अनेक गाड्यांत हे काम कंपनीनेच करून ठेवलं आहे. रांजणगावच्या नेक्सॉनमध्ये 2017 पासून इको, सिटी आणि स्पोर्ट मिळतात. महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 च्या डिझेलमध्ये झिप, झॅप, झूम आहेत. ते बटण दाबल्यावरही पेडलचा प्रतिसाद बदलतो, फक्त तो ईसीएमच्या आत, दोन्ही साक्षी शाबूत ठेवून आणि वॉरंटीसकट. अनेक मालकांनी ते बटण महिनोन्महिने दाबलेलंच नसतं.

गाडी पूर्वी उठायची आणि आता उठत नाही, अशी तक्रार असेल तर डबीचा विचारही करू नका. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, काजळीने भरलेली थ्रॉटल बॉडी, डिझेलमध्ये चोंदलेला ईजीआर आणि टर्बोच्या होजला गेलेली चीर, हे क्रमाने तपासा. दोष बहुतेक वेळा यातच सापडतो, आणि डबी तो दोष नुसता झाकते. नवीच गाडी मंद वाटत असेल तर दुकानात जाण्याआधी स्पोर्ट मोडवर आठवडाभर चालवा, एका चढावर एक गियर खाली टाकून पाहा. एवढ्यावरही डबी घ्यावीशी वाटली तर विक्रेत्याला दोन प्रश्न नक्की विचारा. डायनोचे आधीचे आणि नंतरचे पूर्ण पेडलचे आलेख दाखवता का? आणि डबी बंद पडली तर पेडलचे दोन्ही संकेत वेगवेगळे, थेट ईसीएमला जातात का? दुसऱ्याचं उत्तर लेखी मिळत नसेल तर ती डबी गाडीत बसवू नका.